अंगणात थांबायचं की गाडी पळवायची?

फिरता_वैद्य

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालो आणि आता नववं वर्ष १०८ च्या गाडीत, म्हणजे रुग्णवाहिकेत, यवतमाळ जिल्ह्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. आमच्या कागदांवर मी ईएमएसओ (तातडीच्या सेवेचा वैद्यकीय अधिकारी) आणि ड्रायव्हर म्हणजे पायलट. गावात मी 'गाडीतला डॉक्टर'. म्हणजे खरा डॉक्टर पुढे दवाखान्यात बसलेला, मी नुसता सोबत जाणारा, असा एकूण समज.

गेल्या भादव्यातली केस. कपाशीवर फवारणी करून आलेला चाळिशीतला माणूस अंगणात बाजेवर. तोंडाला फेस, बाहुल्या मोहरीएवढ्या, घाम इतका की बाजेची नवार ओली. अंगावर तोच औषधानं भिजलेला सदरा. ऑक्सिजन ८२, नाडी ४८. मी पहिल्यांदा कात्रीनं सदरा-पँट कापली, घरच्या बाईला कपड्याचा साबण आणि दोन बादल्या पाणी मागितलं आणि पायलटला म्हटलं, हातमोजे घालून धू. मी तोंडातला फेस सक्शननं ओढत होतो. सलाईनची सुई लागली, ॲट्रोपिनचे (या विषावरचं औषध) पाच ॲम्प्यूल फोडले. एकात ०.६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे झाले तीन. पाच मिनिटांनी छातीत घरघर तशीच. आता दुप्पट द्यायला दहा पाहिजेत, हाताशी होते सात, कारण सकाळीच एक अशीच केस होऊन गेली होती. सातही दिले.

इथपर्यंत पुतण्यानं माझी कॉलर धरली होती. "पेशंट मरून रायला अन् तुमी त्याले आंघोळ घालून रायले काय?"

चौदा मिनिटं अंगणात गेली, फॉर्मवर वेळ लिहिलेली आहे. माणूस नवव्या दिवशी घरी आला. पण तो वाचला म्हणून मी बरोबर होतो, असं मला म्हणता येत नाही, कारण दुसरी केस डोक्यातून जात नाही.

सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली उलटली, पोरगा खाली. शुद्धीवर होता, बोलत होता, पोट फळीसारखं कडक. प्रेशर ८०. मी त्याच्या हाताला शीर शोधत बसलो. तीनदा टोचलं, मिळाली नाही. आठ मिनिटं. जिल्ह्याचा दवाखाना चार किलोमीटरवर राहिला असताना गेला. आत काहीतरी फुटलं होतं, आणि सलाईननं ते शिवलं जात नाही. त्या आठ मिनिटांत मी पुढे असायला पाहिजे होतो.

तर प्रश्न असा: आपल्याकडच्या रस्त्यांवर, आपल्या अंतरांना, जागेवर किती थांबावं? गाडीत काम करणारे, गाडीतून गेलेले आणि गाडीची वाट पाहिलेले, तिघांचंही ऐकायचंय.

खवचट

पहिला!
(वाचून मग लिहितो.)

पायलट_दादा

डॉक्टरसाहेब राम राम. मी बी पायलटच आहो, अकरा वर्षं झाले स्टेअरिंगवर. माह्यं मत सांगतो, लिहिनं काही आपल्याले जमत नाई, चुकलं तं समजून घ्या.

लोकायले वाटते का गाडी जोरात नेली म्हंजे पेशंट वाचला. अरे बाप्पा, मांगं डॉक्टर उभा रायते, एका हातानं वरचा दांडा धरून अन् एका हातानं पेशंट. मी गड्ड्यातून साठनं नेली तं त्याचं डोकं छताले. छाती दाबणं चालू असलं तं मी चाळिसच्या वर जातच नाई. आमच्या डॉक्टरचं अन् माह्यं ठरलेलं आहे. मधल्या काचेवर एक टकटक म्हंजे दाब, दोन टकटक म्हंजे हळू, अन् सारखी टकटक म्हंजे गाडी बाजूले लाव अन् मांगं ये. नातेवाईक बाजूले बसून "दाबा, दाबा" करते, मी कान मांगच ठेवतो.

वेळ कुठी जाते तुमाले सांगू? पत्त्यात. फोन केला का म्हणते, "मारुतीच्या देवळाजवळ या." राजेहो, कोन्त्या गावात मारुतीचं देऊळ नाई? एकडाव रात्री दोन वाजता तीन मारुती फिरलो. चौथ्या मारुतीपाशी पेशंट. तवापासून फोनवरच सांगतो, एक पोट्टं टॉर्च अन् दुपट्टा घेऊन डांबरीवर उभं करा. माणूस नसला तं मोटरसायकल आडवी लावा, पन मले फाटा दाखवा.

अन् अंगणात थांबाचं का नाई, ते डॉक्टरचं काम. पन थांबले तं एक माणूस लोकायशी बोलाले पाह्यजे. तुमच्या कॉलरले हात लागला कारन कोनी त्याईले सांगतलंच नाई का हे आंघोळ नाई, औषिद आहे.

आयसीयू_घुबड

वर पायलटदादांनी शेवटी जे लिहिलं त्याला +१००.

मी नागपूरला इमर्जन्सीत आहे, म्हणजे तुमच्या गाड्या जिथे रित्या होतात तिथे. फिरते वैद्य, तुमच्या दोन केसेस एका तागडीत तोलता येणार नाहीत. फवारणीच्या माणसाला मारणारी गोष्ट त्याच्या घशात आणि छातीत होती, आणि ती आवरायला लागणारं सामान तुमच्या हातात होतं. शिवाय भिजलेला सदरा तसाच ठेवला असता तर वाटभर विष कातडीतून आत जात राहिलं असतं, आणि बंद गाडीत तुम्हालाही त्रास झाला असता. ट्रॉलीखालच्या पोराला लागणारं सामान तुमच्याकडे नव्हतंच. त्याला ऑपरेशन टेबल लागत होतं. श्वास अडला असेल, बाहेरून रक्त वाहत असेल, झटका चालू असेल, तर जागेवर हात घाला. रक्त आत जात असेल तर उचला आणि निघा. शीर चालत्या गाडीत बघा. मिळाली तर मिळाली.

आणि त्या पोराबद्दल: ८० प्रेशर आणि कडक पोट म्हणजे आठ मिनिटं आधी पोचला असता तरी काय झालं असतं, कुणालाच सांगता येत नाही. रात्री दोनला हे उगाळत बसू नका. मी बसतो, म्हणून सांगतो.

ओसरी

क्षमस्व, पण मला हे सगळं वाचून राग येतोय.

२०१९. वाशीम जिल्ह्यातलं गाव. बाबांच्या छातीत दुखायला लागलं, गाडी आली पन्नास मिनिटांनी. आल्यावर डॉक्टरनं छातीला वायरी लावल्या आणि दहा मिनिटं कागद काढत बसला. आम्ही सगळे उभे. मग म्हणाला, जवळच्या दवाखान्यात नको, लांबच्या नेऊ. बाबा वाटेत गेले. तेव्हापासून वाटतं, तो कागद काढलाच नसता तर?

तुम्ही लोक आपापसात ठरवता थांबायचं की नाही. आम्हाला कुणी काही सांगत नाही.

खवचट

हल्ली गाडीत एमबीबीएस का नसतो हा खरा प्रश्न आहे. आयुर्वेदवाल्याकडून ईसीजी काढून घ्यायचा म्हणजे सुताराकडून दाढी.

सिस्टर_माय

खवचट, एमबीबीएसला सांगा बरं भर उन्हाळ्यात झरी-जामणीत बारा तास गाडीत बसायला. मी तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. बाळाचा पाय आधी आला तेव्हा कुणाची पदवी विचारत बसले नाही.

खवचट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

संपादक

पदव्यांवरची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. इथले त्या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

आयसीयू_घुबड

@ओसरी, तुमच्या बाबांची केस मी पाहिलेली नाही, तेव्हा त्याबद्दल काही म्हणणार नाही. पण तो कागद कशासाठी असतो ते सांगतो. छातीत दुखणाऱ्या माणसाजवळ पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा असंच शिकवतात. हृदयाची मोठी नळी बंद असेल तर ती उघडायची सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. जवळच्या ठिकाणी नेलं, तिथे केसपेपर झाला, तिथून चिठ्ठी मिळाली, दुसरी गाडी आली, की यात तास-दीड तास सहज जातो. तो डॉक्टर बहुतेक हेच वाचवत होता. पण त्यानं ते तुमच्याकडे तोंड करून दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. यात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

गाडी येईपर्यंत घरच्यांनी करायचं फार थोडं आहे. माणसाला बसवून किंवा अर्धवट रेलून ठेवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, कुठून रक्त जात नसेल, तर ३२५ ची एक गोळी चावून खायला द्या. आणि चालवू नका. गाडी दारात येत नसेल तर खुर्चीत बसवून उचला.

कपाशीवाला

आमचा अनुभव उलटा. भावाला तुरीच्या वावरात परड चावली (पुण्या-मुंबईकडे घोणस म्हणतात). आम्ही मांडीला नायलॉनची दोरी आवळली, शेजारचा मांत्रिक येऊन बसलाच होता. गाडीतला डॉक्टर आला, दोन मिनिटं फक्त थांबला. कुंपणाच्या तुराट्या घेतल्या, दुपट्टा फाडला, पाय हलू नये असा बांधला. दोरीकडे पाहून नुसतं "हूं" केलं आणि तशीच ठेवली. मला वाटलं, बघा, आम्ही बरोबर बांधली.

आरोग्य केंद्रात सुई लावून, इंजेक्शन भरून हातात धरून, मग ती दोरी हळूहळू सैल केली. म्हणे एकदम सोडली असती तर अडलेलं विष एका झपाट्यात अंगात गेलं असतं. आणि बांधल्यानं पाय काळा पडायची वेळ आली होती ती वेगळीच. मग काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेऊन टेबलावर ठेवलं, वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. मी घड्याळ बघत बसलो. नळी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. लगेच विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या सलाईनमधून. भाऊ आज वावरातच आहे, तुरी सोंगतोय.

तेव्हा मी विचारलं होतं, ही नळी गाडीतच का नाही ठेवली, वीस मिनिटं वाचली असती? गाडीतला डॉक्टर म्हणाला, आपल्या रस्त्यावर नळी स्थिर राहिली तर मी राजीनामा देईन.

सिस्टर_माय

:) त्यात मण्यारीचं लक्षात ठेवा. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो आणि पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात झोपेत आहे. पापण्या उचलल्या जात नाहीत असं दिसलं की मांत्रिक, दोरी, चिरा काही नको. श्वास थांबला तर तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबत न्यायचा, तासभर लागला तरी. इथे गाडीतला माणूसच सगळं काही आहे.

मेळघाटी

धारणी-अमरावती रस्ता, दीडशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये सेमाडोहचा घाट. मी आशा ताईंसोबत खूपदा गेलोय. आमच्याकडे गाडी गावापर्यंत येईलच असं नाही. नाल्याला पाणी असलं की बाईला खाटेवर घालून चार माणसं पलीकडे आणतात, तिथून गाडी. त्याआधी भूमकाकडे (गावचा मांत्रिक-वैदू) जाऊन आलेले असतात. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याच्याशी ओळख ठेवली की तोच फोन करायला सांगतो.

घाटात बाळंतपण व्हायला लागलं की नवखा पायलट घाबरून जोरात चालवतो. आमच्या जुन्या पायलटचा नियम आहे, डोकं दिसलं की गाडी बाजूला, हँडब्रेक, आतले दिवे लावायचे. वळणावर बाळ हातातून निसटतं. बाळाला कोरडं पुसायचं, आईच्या छातीवर ठेवायचं, वरून दोघांना पांघरायचं. नाळेची घाई नाही. मग पुढं. अंगणात थांबावं का, या प्रश्नाला आमच्याकडून उत्तर एवढंच की कधी कधी घाटातही थांबावं लागतं.

पायलट_दादा

हाव! अन् बाळामागची वार पडाची वाट पाहत तिथंच बसू नका, चालाले लागा. आमच्या डॉक्टरनं शिकवलं.

ब्रह्मपुरीकर

उष्माघाताचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो. तेंदूपत्त्याच्या फळीवरचा (पानं गोळा करतात ती जागा) मजूर बडबडायला लागला, अंग तव्यासारखं. ताप आला म्हणून घरच्यांनी घोंगडी पांघरली होती!! गाडीतल्या मॅडमनी घोंगडी फेकली, गोणपाटं भिजवून अंगावर टाकली, वर घरचा कूलर लावला. वीस मिनिटं. अंग थोडं निवल्यावर उचललं. माणूस बेशुद्धीच्या काठावर होता, पाणी पाजायला गेलेल्या म्हातारीला त्या ओरडल्या, तेव्हा सगळ्यांना राग आला. श्वासात गेलं असतं, हे नंतर कळलं.

सिलिंडर_२४

मी गाड्यांना ऑक्सिजन पुरवतो, म्हणून हिशोबाचं लिहितो. लहान बी टाइप सिलिंडर म्हणजे साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरनं लावला तर अडीच तास. मोठा डी टाइप ७००० लिटर, त्याच वेगानं साडेअकरा तास. भामरागड ते गडचिरोली जवळपास पावणेदोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी, मग गाडी अलीकडेच उभी. मास्क लावलेला, रुग्ण आत, आणि काटा खाली येतोय. अशा वेळी 'पळवा' म्हणणाऱ्यांनी कुठे पळवायचं ते पण सांगावं. निघण्याआधी काटा बघणं आणि एक सिलिंडर जास्तीचा टाकणं यात गेलेली दोन मिनिटं मी तरी वाया धरत नाही.

आयसीयू_घुबड

आता आमच्या दाराचं लिहितो, नाहीतर मी फक्त इतरांनाच शहाणपण शिकवतोय असं होईल. गाडी पोचते, बेड रिकामा नसतो, रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये. स्ट्रेचर सुटत नाही तोवर गाडी परत जाऊ शकत नाही. एका ठिकाणी काम करत होतो (नाव नको), तिथे एकदा तीन गाड्या अशा उभ्या होत्या. चौथ्या गावात कुणीतरी फोन कानाला लावून बसलं असणार. अंगणातली चौदा मिनिटं दिसतात, कारण ती फॉर्मवर असतात आणि पुतण्या समोर असतो. दारातला तास कुणाच्या कॉलरला लागत नाही.

वाटेतून फोन करत जा. "फवारणीची केस, तोंडात फेस, ॲट्रोपिन अमुक दिलं, अर्ध्या तासात पोचतो." एवढं कळलं तरी आम्ही औषध भरून ठेवतो.

अवांतर_वकील

अवांतर: अपघातात बघे गाडीची वाट पाहतात पण हात लावत नाहीत, पोलिसांच्या भीतीनं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४क आलंय. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही नाही. वाहतं रक्त दाबून धरा. गाडीला यायला लागणारा वेळ तुमच्या हातात नाही, पण जखमेवर धरलेला दुपट्टा आहे.

ओसरी

घुबड, उत्तराबद्दल आभार. दोन दिवस लिहायचं की नाही ठरवत होते.

गाडी आमच्या बोळात येत नव्हती. बाबांना आम्ही दोघी बहिणींनी धरून चालवत रस्त्यापर्यंत नेलं होतं. ते म्हणत होते, मी चालतो, मला काय झालंय. तुम्ही 'चालवू नका' लिहिलंत ते वाचून उठून आत गेले.

आयसीयू_घुबड

ताई, माझे स्वतःचे वडील पायऱ्या चढून माझ्याच वॉर्डात आले होते. मी समोर उभा होतो आणि अडवलं नाही. यावर याहून जास्त लिहीत नाही.

फिरता_वैद्य

सगळ्यांचे आभार. धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस नाइट होती, आज वाचलं.

मी बऱ्यापैकी घुबड यांच्याशी सहमत, पण एक अडतं. आत रक्त जातंय हे अंगणात कळतं का? ट्रॉलीवाला पोरगा बोलत होता. नाडी जलद, कातडी थंड आणि चिकट, पोट कडक, हे मी पाहिलं होतं, तरी हात शिरेकडे गेले. कारण गर्दीसमोर काहीतरी करताना दिसावं लागतं. नुसता उचलून नेला तर लोक म्हणतात डॉक्टरनं काही केलंच नाही, आणि थांबलो तर म्हणतात वेळ घालवला. ती आठ मिनिटं मी पेशंटसाठी कमी आणि बघणाऱ्यांसाठी जास्त घालवली, असं आता वाटतं. हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायची हिंमत झाली नव्हती.

आता दोन बदल केलेत. अपघाताच्या केसला मानेला पट्टा, पाठीखाली बोर्ड, वाहतं रक्त दाबलं की गाडी हलते, शीर वाटेत. आणि उतरल्याबरोबर घरच्यांपैकी एकाला जवळ ओढतो, म्हणतो, तू माझ्यासोबत राहा, मी काय करतोय ते सांगत जातो, तू बाकीच्यांना सांग. शक्यतो जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्यालाच. पायलटदादा, टकटकची भाषा आमच्या गाडीत सुरू केली. पहिल्याच दिवशी आमच्या पायलटनं दोन टकटकला गाडी दाबली.

पुतण्याचं कुणीतरी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं होतं. काका बरे आहेत. पुतण्या अजून बोलत नाही माझ्याशी. बाजारात दिसला की पानटपरीकडे वळतो.

नवा_गडी

बरंच वाचलं. बाळबोध प्रश्न: १०२ आणि १०८ यात फरक काय? पैसे लागतात का?

सिस्टर_माय

१०२ गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी. १०८ कुठल्याही तातडीच्या केससाठी. दोन्ही फुकट.

पायलट_दादा

पैशे नाई लागत भाऊ. फाट्यावर पोट्टं उभं करा, बस.

खवचट

सगळं वाचलं. दाढीच्या वाक्याबद्दल सॉरी. आमच्या गावात मारुती चार आहेत. ग्रामपंचायतीकडून पेंट मागवलाय, चारही देवळांवर १, २, ३, ४ असे आकडे टाकतो. पुजाऱ्याचं म्हणणं आहे की त्याचा मारुती १ नंबर पाहिजे. बाकीचे तीन पुजारी रविवारी येतायत बोलायला.